सासऱ्यांची जागा आणि मावशींची स्कूटी



लोणच्याला बुरशी का येते, गाद्या कधी उन्हात टाकाव्यात, दोघी जावांनी एका ओट्यावर कसं निभावून न्यावं, असल्या गोष्टी लिहिण्यासाठी हे सदर. इथे कधी गाड्यांविषयी लिहावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण गेल्या श्रावणात पुण्याच्या एका वाचक भगिनीचं नऊ पानी पत्र आलं. वाचता वाचता माझं दूध उतू गेलं, आणि ओटा पुसताना मनात आलं की हे भांडण नुसतं गाडीचं नाही. त्यांना मी खाजगी उत्तर पाठवलं होतं. आता दिवाळीनंतर त्यांचं दुसरं पत्र आलंय, आणि नाव-गाव वगळून सगळं लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे.

त्यांच्या घरची परिस्थिती आपल्यापैकी बऱ्याच जणींना ओळखीची वाटेल. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. सासरे एक्क्याऐंशी वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू कमजोर झाली. घर तिसऱ्या मजल्यावर, जुन्या इमारतीत, लिफ्ट नाही. डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली आणायचं. दोघंही नवरा-बायको नोकरीला. शेवटी शहराच्या कडेला ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एका वसाहतीत त्यांनी सासऱ्यांसाठी एक खोली-स्वयंपाकघर भाड्याने घेतलं.

ही वसाहत म्हणजे वृद्धाश्रम नव्हे बरं का. स्वतःचं दार, स्वतःची किल्ली, हवं तर स्वतःच्या हातचा चहा. पण खाली जेवणघर, रात्रंदिवस मावशी आणि ब्रदर, ठरलेल्या वारी डॉक्टर, खोलीत ओढायची घंटा. पुण्याच्या आसपास अशा वसाहती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बऱ्याच झाल्या. केंद्र सरकारने २०१९ साली त्यांच्यासाठी नमुना नियम काढले आणि २०२४ साली महारेराने ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रकल्पांना काही गोष्टी बंधनकारक केल्या. लिफ्ट हवी, उतार हवा, दार किमान नऊशे मिलिमीटर रुंद हवं, म्हणजे चाकाची खुर्ची कोपर न घासता आत जाईल. सगळं चांगलंच आहे. पण आत राहणाऱ्यांची काळजी घ्यायला जी माणसं रोज येतात, त्यांनी आपली दुचाकी कुठे लावायची, हे ठरवायचं तिथे राहूनच गेलं होतं.

सासऱ्यांच्या करारात एका गाडीची झाकलेली जागा होती. क्रमांक सात, उताराच्या अगदी शेजारी. सासऱ्यांकडे गाडी नाही. ती जागा वापरायच्या त्या सूनबाई, डबा घेऊन यायच्या तेव्हा. आणि दर संध्याकाळी तिथे तीन-चार स्कूट्या उभ्या असायच्या. वॉचमनला सांगितलं, मॅनेजरला सांगितलं, रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकला. दोन दिवस जागा मोकळी, तिसऱ्या दिवशी पुन्हा स्कूट्या.

आषाढातली एक संध्याकाळ. पावणेआठ झालेले, पाऊस भुरभुरतोय, मागच्या सीटवर मुगाची खिचडी आणि कढी. सात नंबरवर चार स्कूट्या. बाईंनी हॉर्न दिला, कुणी आलं नाही. मग त्यांनी गाडी उताराच्या तोंडाशी आडवी लावली, "दोन मिनिटांत येते" असं वॉचमनला सांगितलं आणि वर गेल्या. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. सासऱ्यांना भरवायचं होतं, चादर बदलायची होती, कुणाच्या घरी होत नाही असं?

त्याच वीस मिनिटांत तळमजल्यावरच्या एका आजींना दम लागला. एकशे आठला फोन गेला, ॲम्ब्युलन्स आली, आणि उतारासमोर गाडी. दोघा ब्रदरनी आजींना खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून खाली आणलं आणि पावसातून फाटकापर्यंत नेलं. आजी आठ दिवसांनी सुखरूप परत आल्या, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. कशावर लागली असेल? "कर्मचाऱ्यांनी आपली वाहने आवारात लावू नयेत." उतारासमोर गाडी लावली होती भाडं भरणाऱ्या सूनबाईंनी, आणि नोटीस लागली मावशींवर! त्या दिवसापासून मावशी आणि ब्रदर स्कूट्या बाहेर रस्त्यावर लावू लागले. आठवड्याभरात एकीच्या गाडीतलं पेट्रोल काढून नेलं, दुसरीचा आरसा फुटला. ज्या मावशी रात्री सासऱ्यांपाशी असायच्या, त्यांनी महिनाअखेर काम सोडायचं म्हणून सांगितलं.

आणि सासरे? आजारानंतर ते हळू, तुटक बोलतात. सूनबाईंनी पुढच्या खेपेला "बघा, शेवटी मिळवली की नाही आपली जागा" म्हटलं, तेव्हा ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू भांडून घरी जातेस. मी इथे राहतो."

पत्राच्या शेवटी दोन प्रश्न होते, एकाच श्वासात विचारलेले. माझी जागा मला हक्काने कशी मिळेल? आणि, मी चुकले का?

पहिला प्रश्न सोपा, म्हणून आधी तो.

जागा कुणाची हे बघायचं तर करार काढून बघायचा. आपल्याकडे घराचे कागद नवऱ्याच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली देवघरात, असं असतं. काढा आणि वाचा. राज्याच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. करारात "जागा क्रमांक सात" असं लिहिलंय की "उपलब्धतेनुसार पार्किंग" असं लिहिलंय, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं लिहिलं असेल तर रोज हॉर्न वाजवून उपयोग नाही.

मग ती इमारत कुणाची ते बघा. सहकारी सोसायटी असेल तर नमुना उपविधी लागू होतात. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा द्याव्यात, असं त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्या एका प्रकरणात सांगितलं की इमारतीखालच्या खांबांमधली जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, ती सगळ्यांच्या सामाईक वापराची. पुढे २०१६ चा रेरा कायदा आला. त्यात बंद गॅरेज विकता येतं, उघडी जागा मात्र सामाईकच. पण सबंध वसाहत एकाच मालकाची असेल आणि सगळे भाडेकरूच असतील, तर सोसायटीचे नियम तिथे चालत नाहीत. तिथे करार हाच आधार. कबूल केलेली सोय पैसे घेऊनही मिळत नसेल तर मॅनेजरला लेखी द्यावं, पोच घ्यावी, आणि अगदीच कुणी दाद देत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तो आकडा फोनजवळ लिहून ठेवा.

हे सगळं मी त्यांना लिहिलं. आणि पुढे लिहिलं की, बाई, करारात सात नंबर असेल तर हक्क शंभर टक्के तुमचा. आयोगात जाल तर बहुधा जिंकालही. पण त्या दिवशी रात्री आठ वाजता सासऱ्यांना उजव्या बाजूने धरून उठवणार कोण?

या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या घरी पक्षाघाताचं माणूस आहे त्यांनाच कळेल. कमजोर हाताला धरून ओढलं तर खांदा उतरू शकतो. नव्या माणसाला हे शंभरदा सांगावं लागतं, आणि तरी घाईत तो तोच हात धरतो. रात्री दीड वाजता अंधारात बाथरूमला नेताना आधी दिवा, मग चपला, मग काठी, हा क्रम ज्या बाईच्या अंगवळणी पडलाय, तिची किंमत पगारात मोजता येत नाही. ती रोज बारा तास, संध्याकाळी आठ ते सकाळी आठ, असते. शहराच्या कडेला त्या वेळी बस मिळेल न मिळेल, म्हणून हप्त्याने स्कूटी घेतलेली. घरून निघताना मुलांचं जेवण झाकून ठेवलेलं. तिची गाडी रात्रभर अंधाऱ्या रस्त्यावर उभी, आणि तिचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर. असं लक्ष तुमच्या सासऱ्यांजवळ नकोय ना तुम्हाला?

दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई नेहमी कामवाल्यांचीच बाजू घेतात. आत राहणारी म्हातारी माणसं तक्रार करायला भितात. ज्या हाताने रात्री पाणी मिळणार, ज्या हाताने अंग पुसलं जाणार, त्या हाताविरुद्ध मॅनेजरकडे कसं बोलायचं? उद्या घंटा ओढली आणि कुणी उशिरा आलं तर? हे भय बोलून दाखवत नाहीत, पण असतं. म्हणून काय, तर त्यांच्या वतीने बाहेरून येऊन आपण तावातावाने भांडतो आणि घरी जातो. सासरे जे म्हणाले, ते याच भयाने म्हणाले.

मग करायचं काय? मी त्यांना लिहिलं, एक दिवस सुट्टी काढा, जुन्या कॅलेंडरचं पान घ्या आणि नुसतं मोजा. कुणाशी बोलू नका. सकाळी दहा, दुपारी एक, चार, आणि रात्री आठ. किती जागा, किती गाड्या, कुणाच्या.

त्या खरंच बसल्या. लिफ्टसमोरच्या बाकावर, विणकाम घेऊन. दुसऱ्या पत्राबरोबर त्यांनी ते पान पाठवलंय. त्यावरून जे दिसलं ते मॅनेजरला तीन वर्षांत दिसलं नव्हतं. वसाहतीत चव्वेचाळीस घरं. गाड्यांच्या जागा बावीस, पण रहिवाशांच्या गाड्या अकराच, कारण त्या वयात बहुतेकांनी गाडी चालवणं सोडलेलं. दुचाक्यांसाठी आखलेल्या जागा बारा. दिवसाच्या पाळीला चौदा दुचाक्या, रात्रीच्या पाळीला आठ, रहिवाशांच्या तीन. दिवसा अकरा वाजता बघाल तर सतरा दुचाक्या, पाच जास्त, कुठेतरी खपून जातात. पण रात्री आठला काय होतं? रात्रपाळीवाले आलेले असतात आणि दिवसपाळीवाले अजून निघालेले नसतात. औषधांची वही दुसऱ्याच्या हातात देईपर्यंत, कोण जेवलं, कोण पडलं, कुणाचं पोट बिघडलं हे सांगेपर्यंत अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात बारा जागांवर पंचवीस दुचाक्या. आणि नेमक्या त्याच वेळी कामावरून सुटलेल्या लेकी-सुना डबे घेऊन येतात.

म्हणजे उद्दामपणा कुणाचाच नव्हता. मावशी सात नंबरवर स्कूटी लावायच्या, कारण दिवसभर ती जागा रिकामी दिसायची.

मोजमापाचा आणखी एक हिशेब सांगते, तुमच्या सोसायटीतही उपयोगी पडेल. एका गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. एका दुचाकीला एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब जागा लागते. कंपाउंडच्या भिंतीला समांतर गाडी लावायची जागा असेल, तर तिथे एका गाडीऐवजी पाच दुचाक्या, तोंड भिंतीकडे करून, आरामात उभ्या राहतात, आणि प्रत्येकीला थेट बाहेर काढता येतं. या वसाहतीत भिंतीकडेला अशा तीन जागा होत्या, तिघा गाडी नसलेल्या रहिवाशांच्या. तीन पाचे पंधरा, आणि आधीच्या बारा, म्हणजे सत्तावीस. पंचवीस गाड्या मावून दोन जागा वर. हा हिशेब मांडायला ना वकील लागला ना इंजिनिअर.

आता सात नंबरचं. इथे मी त्यांना जरा कडक लिहिलं होतं. ती जागा उताराशेजारी आहे, म्हणून ती तुम्हाला सोयीची आहे. पण तुमचे पाय धडधाकट आहेत. डबा घेऊन पन्नास पावलं चालणं तुम्हाला जड नाही. ती जागा खुर्चीवरच्या माणसाला गाडीत चढण्या-उतरण्यासाठी हवी.

कारण बघा. अर्धांग झालेल्या माणसाला गाडीत बसवायचं म्हणजे आधी पुढची सीट पूर्ण मागे सरकवायची. दार पूर्ण उघडायचं, अर्धवट उघडून भागत नाही. चाकाची खुर्ची धडधाकट बाजू गाडीकडे येईल अशी तिरपी लावायची, ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या. माणसाला उभं करून सीटकडे पाठ करून आधी बसवायचं, डोक्यावर हात धरायचा म्हणजे दाराच्या चौकटीला लागत नाही, आणि मग एकेक पाय आत घ्यायचा. शेजारी दुसरी गाडी उभी असेल तर यातलं काहीच जमत नाही. म्हणूनच अपंगांसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूत्रांत अशा जागेची रुंदी ३.६ मीटर सांगितली आहे, साध्या जागेपेक्षा मीटरभर जास्त, आणि ती दारापासून तीस मीटरच्या आत हवी. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा याच्या पाठीशी आहे. सात आणि आठ या दोन जागा मिळून पाच मीटर होतात. त्यात ३.६ मीटरची एक ऐसपैस जागा, आणि उरलेल्या १.४ मीटरात खुर्ची न्यायची मोकळी वाट. आठ नंबर एका आजींचा होता, त्यांची गाडी मुलीने केव्हाच विकलेली. त्यांनी लगेच हो म्हटलं. सूनबाईंनी सात सोडला आणि मागच्या बाजूची एकोणीस नंबरची जागा घेतली. मॅनेजरकडून करारात तसं लेखी बदलून घ्यायला मात्र विसरू नका असं मी बजावलं होतं. तोंडी औदार्य पुढच्या मॅनेजरला माहीत नसतं.

उतारासमोर पिवळे पट्टे ओढायचे आणि तिथे कुणीच, कधीच, दोन मिनिटंसुद्धा नाही. उंच ॲम्ब्युलन्स खांबांखाली शिरत नाही, तिला उताराशीच उभं राहावं लागतं. यात भाडेकरू, कर्मचारी, डॉक्टर, दूधवाला, कुणालाच सूट नाही.

हा झाला जागेचा भाग. पण दुसरा प्रश्न राहिला होता ना, मी चुकले का?

यावर मी चारच ओळी लिहिल्या. हो, चुकलात. स्कूट्यांवरून चिडलात ते नाही. आडवी गाडी तुमची असताना नोटीस मावशींच्या नावाने लागली, आणि तुम्ही गप्प राहिलात, ते चुकलं. मॅनेजरमार्फत निरोप पाठवू नका. स्वतः जा.

आणि कसं जायचं तेही लिहिलं, कारण आपल्याकडे माफी मागायची एक ठरलेली रीत आहे. पेढ्याचा पुडा, नाहीतर कपाटातली बरी दिसणारी जुनी साडी, वर शंभराची नोट. ते यात नको. ती बाई कामावर आहे, तुमच्या दारात मागायला आलेली नाही. पेट्रोल चोरीला गेलं त्याचे पैसे देऊ केलेत तर तो हिशेब झाला, तो जरूर द्या, पण हिशेब म्हणून द्या. "ए बाई" नाही, "मावशी" म्हणा, आणि मावशी म्हणून पुन्हा "तू" म्हणू नका.

दुसऱ्या पत्रात तो प्रसंग आहे. भाद्रपदातली एक रात्र, पाळी बदलून झालेली, सासरे झोपलेले. खोलीबाहेरच्या व्हरांड्यात या दोघी उभ्या. सूनबाई म्हणाल्या, "मावशी, त्या दिवशी गाडी मी आडवी लावली होती. नोटीस तुमच्यावर लागली. मी मॅनेजरना लेखी दिलंय तसं." मावशी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजींना मीच धरलं होतं एका बाजूनं. पाय घसरला असता तर आमच्या दोघींचं काय झालं असतं ते मी घरी जाऊन विचार करत बसले." एवढंच. सूनबाई लिहितात की मावशींनी माफ केलं असं त्यांना वाटलं नाही. पण महिनाअखेरीची गोष्ट मावशींनी पुन्हा काढली नाही.

त्यानंतर मॅनेजर, चार रहिवासी आणि दोन कर्मचारी अशी बैठक झाली. कर्मचाऱ्यांना बैठकीला बोलवा, हा माझा हट्ट होता. घरात सुनेशिवाय बसून सुनेच्या कामाची वाटणी केली की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. त्या दोघांनी आणलेल्या मागण्या साहेबलोकांच्या डोक्यात येणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना भिंतीकडे एक दिवा हवा होता. पावसात भिजलेल्या कपड्यांनी पाळीभर राहावं लागतं म्हणून रेनकोट टांगायला खुंट्या हव्या होत्या. आणि ब्रदर म्हणाले, साडेसात ते साडेआठ या तासात नातेवाइकांनी शक्यतो येऊ नये, म्हणजे औषधांची वही नीट बघून देता येते. यावर एका मुलाने आवाज चढवला की आम्ही भाडं भरतो, केव्हाही येऊ. पण तळमजल्यावरच्या त्याच आजी, ज्यांना पावसातून नेलं होतं, म्हणाल्या, "तू साडेआठनंतर ये रे बाबा. मी कुठे जाणार आहे?"

जाता जाता एक. दोन मुलींच्या स्कूट्या विजेवरच्या आहेत, त्यांनी जिन्याखालून वायर ओढून चार्जिंग सुरू केलं होतं. जिना हा आगीच्या वेळी खाली उतरायचा रस्ता. तिथे चार्जिंग अजिबात नको. त्यासाठी भिंतीकडेच स्वतंत्र प्लग आणि मीटर बसवून घ्या, पैसे ज्याचे त्याने द्यावेत.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. लिफ्टच्या तोंडाशी तीन नंबरची सगळ्यात चांगली जागा आहे. तिथे एका काकांची गाडी आठ महिने कव्हर घालून उभी आहे. बॅटरी उतरलेली, चाकं बसलेली, कव्हरवर कबुतरांची घाण. काकांच्या परवान्याची मुदत केव्हाच संपली आहे. मॅनेजरना ती जागा येणाऱ्या डॉक्टरांसाठी हवी होती. त्यांनी काकांना विचारलं, तेव्हा काका काही न बोलता आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते खाली आले, कव्हर काढलं, पिवळ्या फडक्याने काच पुसली, आत जाऊन स्टिअरिंगपाशी थोडा वेळ बसले, आणि कव्हर पुन्हा घालून वर गेले. तेव्हापासून रोज पुसतात.

सूनबाईंनी विचारलंय, यावर काय करावं? जागेचा हिशेब बघितला तर काकांनी ती सोडायला हवी. पण मला विचाराल तर डॉक्टरांना एकवीस नंबर द्या आणि काकांना तूर्त सोडा. त्यांचा मुलगा बेंगळुरूला असतो, तो संक्रांतीला यायचा आहे. बोललाच तर तो बोलेल.

आणखी एक छोटी चौकशी त्यांनी केली आहे. बैठकीनंतर घाईघाईने चुन्याने पट्टे आखले होते, ते ऑक्टोबरच्या दोन सरींत धुऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी उतारासमोर एक गाडी उभी होती. बाई, चुना रांगोळीच्या कामाचा. रस्त्यावर मारतात तो पिवळा रंग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आधी फरशी खराट्याने घासून धुवा, दोन दिवस कडक वाळू द्या, दोन्ही कडांना कागदी चिकटपट्टी लावा आणि दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको, आणि वाळेपर्यंत तिथे वॉचमनची खुर्ची ठेवा. हे काम रविवारी मात्र काढू नका. रविवारी सगळ्या लेकी येतात.